काळ्या लोकरीचा हिशेब

दिवाळीच्या अमावास्येला मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीत महालिंगरायाची यात्रा भरते. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडून पालख्या येतात, देवांची भेट होते, भंडारा उधळला जातो आणि ढोलांच्या गजरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्याआधी हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा होऊन गेलेली असते. दोन्ही ठिकाणी एक वस्तू हटकून दिसते, ती म्हणजे घोंगडी. म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर टाकलेली, देवापुढं अंथरलेली, यात्रेच्या पेठेत घड्या घालून मांडलेली. धनगराच्या देवाचं कोणतंही कार्य घोंगडी अंथरल्याशिवाय सुरू होत नाही.

याच दिवसांत माणदेशात आणि जत-आटपाडीच्या माळावर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासकट फिरणारी बिऱ्हाडं, निघायच्या तयारीत असतात. पाऊस सरलेला असतो, माळावरचं गवत वाळायला लागलेलं असतं आणि मेंढरांना आता पश्चिमेकडं, घाटाखाली किंवा नदीकाठच्या बागायतीकडं न्यायचं असतं. अशा वेळी बकरी भादरून घेतात. (धनगर मेंढीला बकरीच म्हणतो.) ओढ्यात धुऊन आणलेली मेंढी आडवी पाडायची, पाय आवळून धरायचे आणि लांब पात्याच्या कातरीनं अंगावरची लोकर अखंड उतरवायची. पूर्वी ही लोकर पोत्यांत भरून बाजाराला जायची. आता ती पुष्कळदा बांधावर टाकून देतात, नाहीतर पेटवतात. घ्यायला व्यापारी येत नाही आणि आलाच तर त्याच्या भावात कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. तरी कातरावं लागतंच. लोकर अंगावर राहिली तर गोचीड माजते, जनावर उन्हानं हैराण होतं, त्याची चरण्यावरची वासना उडते.

घोंगडीला मान आहे, पण ती ज्या लोकरीची होते त्या लोकरीला मोल नाही. पैठणी, हिमरू, इरकल, खण यांच्याविषयी दिवाळी अंकांतून आणि प्रदर्शनांतून बरंच लिहिलं-बोललं जातं आणि ते व्हायलाच हवं. घोंगडीचं नाव त्या यादीत क्वचित येतं. ती जाडीभरडी, टोचणारी, एका जमातीची आणि गरिबाघरची म्हणून ओळखली गेली. आज जगभर ज्याला शाश्वत किंवा संथ वस्त्रनिर्मिती म्हणतात, तिच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारं महाराष्ट्राचं कापड शोधायला निघालो, तर मात्र पहिलं नाव घोंगडीचंच घ्यावं लागेल. तिला ना सिंचन लागतं, ना खत, ना रंग, ना वीज. आणि तरीही ती संपत चालली आहे. असं का व्हावं, हे समजून घ्यायचं तर मागापासून सुरुवात करून भागत नाही. मेंढीपासून करावी लागते.

दख्खनी मेंढी

दख्खनच्या पठारावर, म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणच्या कोरडवाहू पट्ट्यात, जी मेंढी शतकानुशतकं टिकली तिला दख्खनी म्हणतात. महाराष्ट्रात तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे प्रकार मानले जातात. अंगानं मध्यम, पायानं काटक, काळी किंवा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. ती दिवसाकाठी मैलोगणती चालते, काटेरी झुडपांवर आणि पिकाच्या धसकटांवर जगते आणि पाणी कमी असलं तरी तग धरते.

तिची लोकर थोडी आणि भरड. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीपासून मिळून अर्धा-पाऊण किलोच हाती लागते. मेरिनो लोकरीचा तंतू २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. दख्खनी तंतू ३० मायक्रॉनच्या पुढं जातो आणि त्यात केसांसारखे पोकळ, राठ तंतू मिसळलेले असतात. अंगाला टोचतो तो हाच. पण टिकाऊपणा, पाणी झटकण्याची ताकद आणि चेपून न बसणारी जाडी हेही त्याचेच गुण आहेत. काळा, करडा, तपकिरी आणि मळकट पांढरा हे रंग मेंढीच्या अंगावरच तयार होतात. लोकर रंगाप्रमाणे वेगळी केली की झालं, रंगाचं भांडं चुलीवर चढवावं लागत नाही.

एक घोंगडी साधारण दोन-तीन किलोंची धरली, तर तिच्यात चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर असते. पावसाळ्यात या मेंढ्या माणदेशाच्या माळावर चरतात, कारण जास्त ओल त्यांना सोसत नाही, त्यांच्या पायांना खुरी होते. दिवाळीनंतर त्या पश्चिमेकडं जातात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतात. रात्रभर मेंढरं बसली की लेंडी आणि मूत जिथल्या तिथं पडतं, पुढच्या पिकाला खत होतं आणि त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पिकाची धसकटं मेंढ्या खातात, रान साफ होतं. म्हणजे लोकर तयार होत असतानाच शेतही सुपीक होत असतं. कापसाच्या शेतावर एवढ्याच वजनाचं सूत पिकवायला किती पाणी, किती फवारणी आणि किती कर्ज लागतं, हे विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला सांगायची गरज नाही.

माळावरून मागापर्यंत

लोकर कातरण्याचं काम धनगराचं. पुढचं काम बहुतेक ठिकाणी सनगरांचं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर भागांत घोंगडी विणणारा समाज म्हणजे सनगर. धनगरांमधले खुटेकरही विणतात आणि कर्नाटकात कुरुब समाज कंबळी विणतो. धनगर आणि सनगर यांचं नातं पिढ्यान् पिढ्या व्यवहाराचं आणि सोयरिकीइतकंच जवळचं. लोकर देणारा धनगर आणि घोंगडीचा पहिला गिऱ्हाईकही तोच.

आधी लोकर निवडतात. काटेकुटे, कुसळं, लेंड्या वेचून काढतात आणि रंगाप्रमाणे ढीग लावतात. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. ती सगळ्यांत मऊ आणि जावळाची घोंगडी सगळ्यांत महाग. मग पिंजण. कमानीची तात लोकरीत झणझणवली की गुंता सुटतो आणि कापसासारखा फुललेला पेळू तयार होतो. तो बायकांच्या हाती जातो. चरख्याच्या चातीवर त्या एका हातानं लोकर ओढत, दुसऱ्या हातानं चाक फिरवत सूत काढतात. सगळ्या कामांत वेळखाऊ काम हेच. माग एकटा माणूस चालवतो, पण त्याचा माग थांबू नये म्हणून कितीतरी बायकांना दिवसचे दिवस कातत बसावं लागतं.

सूत ताण्यावर चढलं की खळ लावायची. घोंगडीच्या सगळ्या प्रक्रियेत पाहण्यासारखं काही असेल तर ते हे काम. चिंचोके भिजवून, टरफल काढून, बारीक वाटतात आणि पाण्यात शिजवून त्यांची चिकट लापशी करतात. गल्लीत किंवा मोकळ्या जागेत दोन खुंटांमध्ये ताणा आडवा ताणून धरलेला असतो. विणकर मोठा कुंचा खळीत बुडवतो आणि ताण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेनं ओढत नेतो. मग खालच्या अंगानं तसंच. हाताचा जोर कमी पडला तर खळ वरच राहते, जास्त झाला तर धागा तुटतो. तुटलेला धागा तिथंच चिमटीत धरून वळ देऊन जोडायचा, गाठ मारायची नाही, कारण गाठ फणीत अडकते. हातानं कातलेल्या लोकरीच्या धाग्यावर बारीक बारीक तंतू उभे असतात. ते शेजारच्या धाग्यात गुंतले तर विणकाम पुढं सरकतच नाही. कुंचा फिरला की हे तंतू धाग्याला चिकटून बसतात, ऊन लागलं की खळ कडक होते आणि मऊसर सूत काही तासांत तारेसारखं ताठ उभं राहतं. त्याला ऊनच लागतं. आभाळ भरून आलं की विणकराची नजर मागाकडं नसते, ताण्याकडं असते. पावसाळ्यात खळीचं काम जवळजवळ बंदच.

चिंचोका हा कोरडवाहू गावातला फुकटचा माल. चिंच खाल्ली की उरतो तो. लोकर मेंढीची, खळ चिंचेची, माग बाभळीच्या नाहीतर सागाच्या लाकडाचा. घोंगडी बनवायला लागणारं सगळं पंचक्रोशीत मिळतं.

माग जमिनीत खड्डा करून बसवलेला. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या पातळीवर बसतो, पावड्या पायांनी दाबतो, धोटा हातानं फेकतो. माग अरुंद, म्हणून घोंगडीचे दोन पट्टे वेगवेगळे विणायचे आणि मधोमध शिवायचे. कडेला पांढऱ्या लोकरीची रेघ, टोकाला दशा. पुढं ती भिजवून, तुडवून, आपटून घेतली की खळ निघते, तंतू एकमेकांत गुंतून कापड घट्ट होतं. कोल्हापूरकडं सूत न कातता, लोकर पसरून, भिजवून, लाटून-तुडवून जे जाड अंथरूण करतात त्याला जेन म्हणतात. घोंगडी आणि जेन ही दख्खनी लोकरीची दोन रूपं आहेत.

घोंगडी काय काय करते

मावळातला शेतकरी भात लावताना डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतो. दिवसभर पावसात उभा राहतो आणि आत त्याचं अंग गरम असतं. लोकरीवर नैसर्गिक मेण असतं, ते पाणी बाहेर झटकतं. तंतूच्या आतला भाग मात्र हवेतली ओल शोषतो. स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत वाफ पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही आणि ही वाफ शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये माणूस घामानं भिजतो, खोळीत तसं होत नाही. लोकर सहजी पेट घेत नाही, ठिणगी पडली तर करपून विझते. म्हणून शेकोटीभोवती झोपणाऱ्या धनगराला ती अंथरायलाही चालते आणि पांघरायलाही. वाड्यावर कोकराला गुंडाळायला घोंगडी, धान्य बांधायला घोंगडी, पाहुणा आला की बसायला घोंगडी. शेवटी ती झिजली की रानात जाते. लोकर म्हणजे केराटिन. तिच्यात सुमारे सोळा टक्के नायट्रोजन असतो, मातीत ती हळूहळू कुजते आणि झाडाला खत होते.

घोंगडीभोवती उभी राहिलेली संस्कृतीही मोठी आहे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांच्या धनगरी ओव्या गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं वाड्यावाड्यांवर फिरून गोळा केल्या. पशुपालकांच्या देवांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये आणि १९८९ मध्ये इंग्रजीत आला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचं मूळ धनगर-गवळ्यांच्या देवापर्यंत नेऊन भिडवलं. महाराष्ट्राच्या भक्तीची एक मुळी मेंढरांच्या माळावर आहे, हे या दोघांनी पुराव्यानिशी मांडलं. त्या माळावरचं वस्त्र म्हणून घोंगडीकडं पाहिलं, तर ती एका जमातीची वस्तू उरत नाही.

साखळी कुठं तुटली

पहिला तुकडा गिऱ्हाइकाचा. घोंगडी विकत घेणारा वर्ग म्हणजे शेतकरी आणि धनगर. त्याच्या हातात गेल्या तीस-चाळीस वर्षांत स्वस्त ब्लँकेट आलं. पानिपतमध्ये जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचं सूत आणि ब्लँकेटं बनवण्याचा प्रचंड उद्योग आहे. त्यापाठोपाठ ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर आलं. हलकं, रंगीत, न टोचणारं आणि घोंगडीच्या कितीतरी कमी किमतीत. गरीब माणसानं ते घेतलं यात त्याचा दोष नाही. त्या ब्लँकेटची खरी किंमत मात्र पावतीवर लिहिलेली नसते. इंग्लंडमधल्या प्लीमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की ॲक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. ते कुजत नाहीत.

दुसरा तुकडा खुद्द मेंढीचा. लोकरीला भाव नाही आणि मटणाला चढता भाव, तेव्हा धनगर मटणाच्या मेंढीकडं वळणार हे उघड आहे. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, भरभर वाढणारी, बाजारात मान असलेली. तिच्या अंगावर लोकर अगदी कमी, जवळजवळ केसच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळ्या कोकरांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्ण’ ही जात तयार केली. कोरडवाहू मेंढपाळाचं उत्पन्न वाढवणारं हे मोलाचं काम आहे. या सगळ्यात लोकरीचा विचार करायला कुणाला कारणच उरलं नाही. सरकारी पातळीवर आधी काही दशकं विदेशी मेंढ्यांशी संकर करून बारीक लोकर मिळवण्याचे प्रयोग झाले. भरड लोकर आहे तशी वापरावी, तिच्या गुणांना साजेसं काम शोधावं, याकडं लक्ष फार उशिरा गेलं. राज्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून वीस मेंढ्या आणि एक नर असा गट अनुदानावर मिळतो. कळप वाढावा, हा त्यातला विचार योग्यच आहे. त्या कळपाच्या अंगावरून वर्षातून दोनदा जे उतरतं त्याचं काय, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहतो.

तिसरा तुकडा चराईचा. माळरानं सौर आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांनी, औद्योगिक वसाहतींनी आणि वनखात्याच्या लागवडींनी आक्रसत गेली. पाणलोटाच्या चांगल्या कामांतही चराईबंदी हे एक सूत्र झालं. गावाला त्याचा फायदा झाला, पण बाहेरून येणाऱ्या वाड्याची वाट बंद झाली. उसाच्या पट्ट्यात धसकटं उरत नाहीत. कळप लहान होतात, पोरं ट्रकवर नाहीतर कारखान्यात जातात.

चौथा आणि सगळ्यांत कमी बोलला जाणारा तुकडा कातणाऱ्या बाईचा. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख लोक हातमागावर आणि त्याच्या पूरक कामांवर जगतात आणि त्यांत बायका बहुसंख्य आहेत. दर तीन विणकर कुटुंबांपैकी दोन कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आहे, असं हीच गणना सांगते. विणकराचं नाव निदान वस्तूला चिकटतं. कातणारीचं नाव कुठंच येत नाही. सगळ्यांत जास्त तास तिचे, सगळ्यांत कमी पैसे तिचे. ती कातायची थांबली आणि खुरपणीला गेली, कारण खुरपणीला रोज जास्त मिळतो. तिनं घेतलेला निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. ती उठून गेली तेव्हा माग थांबला.

संथपणाचा भार कोण उचलतं

संथ वस्त्रनिर्मितीच्या गप्पांमध्ये इथं एक अडचण उभी राहते. वस्तू हळू तयार झाली म्हणून ती चांगली, असं शहरातल्या गिऱ्हाइकाला वाटतं. त्या हळूपणाचा प्रत्येक तास कुणीतरी खाली बसून भरलेला असतो. त्या तासाची मजुरी मिळत नसेल तर संथपणा हा शोषणाचंच दुसरं रूप होतो. म्हणून घोंगडीबाबत पहिला प्रश्न विचारायचा तो असा : या साखळीतलं कोणतं काम माणसाच्या हातानंच व्हायला हवं आणि कोणतं हातानं करत राहण्यात केवळ कष्ट आहेत?

स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांनी या प्रश्नाचं एक उत्तर दिलं आहे. हॅरिस ट्वीड हे तिथलं भरड लोकरीचं कापड. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेनं त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. बेटांवर रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध लोकरीचं, बेटवासीयांनी आपल्या घरी हातमागावर विणलेलं आणि बेटांवरच शेवटचा हात फिरवलेलं कापड म्हणजेच हॅरिस ट्वीड, अशी व्याख्या त्यात आहे. यातली खुबी पाहण्यासारखी आहे. सूत गिरणीत कातलं जातं, विणकाम मात्र घरातल्या, पायानं चालणाऱ्या मागावर. विजेचा माग तिथं चालत नाही. हाताचं कसब जिथं दिसतं तिथं हात राखला आणि कातण्याचा जाच यंत्रावर टाकला. भरड लोकर मऊ करत बसले नाहीत. तिच्या खरखरीतपणालाच ओळख दिली, किंमत दिली आणि कायद्याचं संरक्षण दिलं.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली अकरा प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलेलं आहे आणि त्यात कांबळी आणि बराकीतल्या कांबळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही यात्रेत, महामार्गावरच्या दुकानांत आणि आता मोबाईलवर ‘अस्सल घोंगडी’ म्हणून यंत्रावरचा, भेसळीच्या सुताचा माल खुशाल विकला जातो. कायदा कागदावर राहतो, कारण त्याच्या अंमलबजावणीची मागणी करणारा विणकर विखुरलेला आणि थकलेला आहे.

या चित्रात काही चांगलंही घडतं आहे. पुण्यातल्या ‘अंत्रा’ या पशुवैद्यक स्त्रियांनी उभ्या केलेल्या संस्थेनं दख्खनी मेंढी आणि तिच्या लोकरीच्या बाजूनं कितीतरी वर्षं बोलणं सोडलेलं नाही. ‘सेंटर फॉर पास्टोरॅलिझम’नं ‘देसी ऊन’ या नावाखाली देशभरच्या देशी लोकरीवर काम करणाऱ्या गटांना एकत्र आणलं आहे आणि त्यात दख्खनही आहे. देशी लोकरीचे गालिचे, पिशव्या, नमद्यासारखी जेनं, गाद्या, भिंतीवर लावायचे पडदे असे प्रयोग होत आहेत. त्यांच्यामागचा विचार मला पटतो. गळ्याभोवतीच्या मफलरीसाठी मेरिनोशी स्पर्धा करायला दख्खनी लोकरीला लावणं म्हणजे तिला हरायलाच मैदानात उतरवणं. पायाखाली, पाठीखाली, भिंतीला, छताला, जिथं जाडी, टिकाऊपणा आणि ऊब हवी तिथं ती आपल्या जागी असते. छताखाली लोकरीचा थर घातला तर घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहतं, आवाजही कमी येतो. रोपांच्या बुंध्याशी लोकर अंथरली तर ओल टिकते, तण दबतं आणि पुढं खत होतं. ज्या लोकरीचं सूत होणार नाही, तिलाही काम आहे.

एक साधी गोष्ट इथं सांगायला हवी. भारतातल्या गिरण्या कपड्यांसाठी लागणारी बारीक लोकर मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून आणतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात सात कोटींहून अधिक मेंढ्या मोजल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे सत्तावीस लाख महाराष्ट्रात. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या अंगावरची लोकर भरड आहे आणि भरड म्हणून निकामी ठरवली गेली आहे. निकामी लोकर नसते, तिला योग्य काम न देणारी दृष्टी निकामी असते.

आता काय करायचं

सरकारनं करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत आणि त्या फार खर्चाच्या नाहीत. कातरणीच्या हंगामात तालुक्याच्या ठिकाणी लोकर गोळा करणारी, रंग आणि प्रत पाहून वेगळी करणारी, धुणारी केंद्रं हवीत आणि तिथं कातरणावळ भागवून वर काही उरेल इतका किमान भाव हवा. मेंढी महामंडळाचे तळ सांगली-सोलापूरच्या पट्ट्यात आधीपासून आहेत. सुरुवात तिथूनच करता येते. दख्खनी तंतूला साजेशी छोटी पिंजण-कताई यंत्रं, बायकांच्या गटांच्या मालकीची, दहा-वीस गावांमागं एक अशी बसवता आली तर विणकराला सूत मिळेल आणि कातणारीला खुरपणीपेक्षा बरा रोज. आश्रमशाळा, वसतिगृहं, रुग्णालयं आणि आपत्तीच्या वेळचं मदतकार्य यांसाठी सरकार दरवर्षी ब्लँकेटं विकत घेतंच. त्यातला एक वाटा हातमागाच्या घोंगडीला राखून ठेवला, तर १९८५ च्या कायद्याला अर्थ येईल. आणि वाड्याच्या वाटा, म्हणजे गायरानं, ओढ्याकाठच्या जागा, मुक्कामाच्या पारंपरिक जागा, नकाशावर नोंदून मोकळ्या ठेवाव्या लागतील. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे गवताळ प्रदेशांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. महाराष्ट्राला ते साजरं करायचं असेल तर धनगरी गजी नृत्याचे कार्यक्रम तेवढे पुरेसे नाहीत.

डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींनाही एक सांगणं आहे. घोंगडीवर नवी नक्षी काढण्याआधी एक कातरणी आणि एक खळ लावणं पाहून या. लोकर काय करू देते आणि काय करू देत नाही, हे समजल्यावर जे सुचेल तेच टिकेल. वस्तूची किंमत ठरवताना विणकराबरोबर कातणारीला आणि धनगराला किती पोचतं हे लिहून काढा आणि ते गिऱ्हाइकाला दाखवा.

वाचकांपैकी कुणी यंदा घोंगडी घेणार असेल तर काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. हातमागाची घोंगडी बहुधा दोन पट्ट्यांची असते आणि मधोमध हातशिलाईचा सांधा दिसतो. काळा रंग एकसारखा गडद नसतो, त्यात करड्या-तपकिरी छटा असतात, कारण तो डब्यातल्या रंगातून आलेला नसतो. पाण्याचा थेंब टाकला तर काही वेळ वरच मोत्यासारखा राहतो. एखादी दशी तोडून जाळून पाहा : लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते, ॲक्रिलिक वितळून टणक गोळी होते. नवी घोंगडी टोचणार, तिला खळीचा वास येणार. वापरत गेलं, उन्हात टाकत गेलं की ती मऊ होत जाते. तिला वारंवार धुवावं लागत नाही आणि एक घोंगडी पिढीभर टिकते. डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत ठेवला तरी कसर लागत नाही.

किंमत ऐकून दचकायला होईल. तेव्हा हिशेब मांडून पाहा. चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर, ती कातरणारे हात, निवडणाऱ्या आणि कातणाऱ्या बायकांचे दिवस, खळीला लागलेलं ऊन, खड्डामागावरची मेहनत आणि मेंढरं बसवून सुपीक झालेली रानं, हे सगळं त्या किमतीत यायला हवं. आज त्यातलं निम्मंही येत नाही आणि जे येत नाही ते धनगर, सनगर आणि कातणारी बाई आपल्या खिशातून भरत आली आहे. महाराष्ट्रानं ही उसनवारी फेडायला हवी. घोंगडीला संग्रहालयाच्या काचेत जागा देऊन ती फिटणार नाही. दख्खनी लोकरीला बाजारात रास्त भाव आणि कातणारीला रास्त मजुरी मिळाली, तरच फिटेल. ते एकदा झालं की माग आपोआप चालेल, त्यासाठी कुणाला वेगळी मोहीम काढावी लागणार नाही.